स्विफ्टला १६ इंची अलॉय "बसतात" हो, पण बसणं आणि चालणं यात फरक आहे

प्रश्न थोडक्यात असा: २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, कंपनीच्या स्टील डिस्कवर (टायर ज्यावर चढतो ते रिम) १६५/८० आर१४ टायर, ४८ हजार किलोमीटरला नक्षी संपली. महिन्यातून दोनदा पुणे-रत्नागिरी, घरची चार-पाच माणसं आणि डिकी भरून सामान. दुकानदार म्हणतोय १६ इंची अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या डिस्क, आणि वर २०५/५५ टायर टाका, गाडी रस्त्याला चिकटून पळेल, काही घासत नाही, सगळं बसतं. तर टाकू का, आणि मायलेज किती पडेल?

मी कराडजवळ हायवेला टायर-अलाइनमेंटचं दुकान चालवतो, एकोणीस वर्षं झाली. तुमचा रस्ता माझ्या दारावरूनच जातो, पुढं मलकापूर, आंबा घाट, साखरपा. त्यामुळं त्या रस्त्यावर टायरचं काय होतं ते मला पुस्तकातून वाचावं लागत नाही, सोमवारी सकाळी दुकान उघडलं की शटरसमोर उभं असतं.

पहिली गोष्ट, तुम्ही विचारताय इंच किती वाढवू, पण खरा प्रश्न तो नाही. १४ चे १६ झाले म्हणून चाक मोठं होतं असं नसतं, चाकाची बाहेरची उंची साधारण तेवढीच ठेवायची असते आणि आतली डिस्क मोठी झाली की मधलं रबर कमी होतं. म्हणजे तुम्ही पैसे देऊन लोखंड (किंवा ॲल्युमिनियम) वाढवताय आणि रबराची साईडवॉल, म्हणजे डिस्क आणि रस्ता यांच्यामधली टायरची उभी बाजू, कमी करताय. ती साईडवॉल कमी झाल्यानं काय मिळतं, काय जातं, आणि तुमच्या रस्त्याला ते परवडतं का, एवढाच हिशोब आहे.

हिशोब घरबसल्या होतो. १६५/८० आर१४ मध्ये १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे साईडवॉल त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ एमएम. खाली-वर दोन साईडवॉल म्हणून २६४, त्यात १४ इंची डिस्क म्हणजे ३५५.६ मिळवा, झालं ६१९.६ एमएम. हा तुमच्या गाडीचा मूळ आकडा, मोबाईलमध्ये लिहूनच ठेवा. याच स्विफ्टच्या वरच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनी १८५/६५ आर१५ देते, त्याचा हिशोब केला तर ६२१.५ येतो, म्हणजे दोन एमएमचा फरक, काहीच नाही. कंपनीच्या इंजिनिअरनी डिस्क वाढवली पण चाकाची उंची हलू दिली नाही, यातच निम्मं उत्तर आलं.

आता तुमच्या दुकानदाराचं २०५/५५ आर१६ घ्या. साईडवॉल ११२.७५, एकूण ६३१.९ एमएम. मूळपेक्षा १२ एमएम जास्त, म्हणजे २ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, आणि २-३ टक्क्यांपर्यंत चालतं असं आमच्या धंद्यात सगळेच म्हणतात, मीही म्हणतो, पण ते फक्त उंचीबद्दल झालं. उंची दोन टक्के वाढली की मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा दोन किलोमीटर जोरात असते. मीटर मुळातच थोडा जास्त दाखवतील असेच बनवलेले असतात म्हणून चलनाची लगेच भीती नाही. पण किलोमीटरही तसेच कमी मोजले जातात, आणि इथं लोक फसतात. अलॉय टाकल्यावर मायलेज दीडनं पडला म्हणून येतात, त्यातला थोडा भाग तर मीटरचाच असतो, गाडी १०२ किलोमीटर गेलेली असते आणि तुम्ही १०० धरून हिशोब करताय. बाकीचा खरा असतो, तो रुंद टायरच्या घर्षणाचा आणि वजनाचा. किती पडेल याचा नेमका आकडा मी देणार नाही कारण टायरचा मेक, हवा आणि तुमचा उजवा पाय यावर ते ठरतं, पण पडेल हे नक्की.

शिवाय चाक उंच झालं म्हणजे सगळेच गिअर थोडे लांब झाल्यासारखे होतात. १.२ च्या इंजिनला पाच माणसं आणि सामान घेऊन आंबा घाट चढताना सेकंडमध्ये जो दम असतो तो थोडा कमी होतो. चढत नाही असं नाही, पण जिथं सेकंडमध्ये निभत होतं तिथं एखाद्या वळणाला फर्स्ट टाकावा लागेल.

हे झालं उंचीचं. आता घासण्याचं, आणि यात दुकानदार जे "बसतं" म्हणतो ते नीट समजून घ्या. चार नट लागले म्हणजे बसलं असं त्याचं म्हणणं असतं. तुमच्या स्विफ्टचा पीसीडी ४ बाय १००, म्हणजे चार बोल्ट, १०० एमएमच्या वर्तुळावर, आणि या पीसीडीचे अलॉय बाजारात ढिगानं आहेत त्यामुळं नट लागणारच. पण चाक आत किती आणि बाहेर किती बसणार हे पीसीडी सांगत नाही, ते ऑफसेट सांगतो. डिस्कच्या रुंदीचा मध्य आणि डिस्क जिथं हबला (ज्यावर चाक नटांनी आवळतात तो मधला भाग) टेकते ती जागा यातलं अंतर म्हणजे ऑफसेट, अलॉयच्या आतल्या बाजूला ईटी लिहून पुढं आकडा कोरलेला असतो. आपल्याकडच्या गाड्यांत आकडा मोठा तेवढं चाक आत जातं, आकडा लहान तेवढं बाहेर येतं.

उदाहरण म्हणून धरा की मूळ डिस्क ईटी ४० आहे आणि नवीन अलॉय ईटी ३५ (तुमचा खरा आकडा डिस्क काढून बघा, माझ्यावर विसंबू नका). टायर १६५ चा २०५ झाला म्हणजे ४० एमएम रुंद, दोन्हीकडं २०-२०. त्यात ऑफसेट ५ नं कमी म्हणून चाक आणखी ५ बाहेर. म्हणजे बाहेरच्या बाजूला टायर २५ एमएम पुढं आला आणि आतल्या बाजूला १५ एमएम शॉकॲबच्या जवळ गेला, वरून उंचीमुळं ६ एमएम मडगार्डकडं सरकला. गाडी उभी असताना कुठंच टेकत नाही, दुकानदार हात घालून दाखवतो, बघा चार बोटं जातात. आणि मग मागं तिघं बसले, डिकीत सामान आलं, साखरप्याच्या पुढं एखाद्या खड्ड्यात मागचं चाक आदळलं की मडगार्डची आतली घडी टायरच्या खांद्यावर करवतीसारखी चालते. पुढच्या चाकांचं काय होतं, स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेतली की आतलं प्लास्टिक लायनर खरखरतं. तेवढं एक वेळ चालवून घेतात लोक, पण शॉकॲबच्या बाजूला घासलं तर ते दिसतच नाही, साईडवॉल आतून सोलली जाते आणि एक दिवस थेट फुटते.

यावर आमचे काही बंधू स्पेसर सुचवतात. चाक आत घासतंय ना, मग मध्ये चकती टाकून बाहेर काढू. माझी स्वतःची चूक सांगतो. दुकान नवीन होतं, माझ्याच जुन्या हॅचबॅकला मी असे बाहेर आलेले अलॉय लावले होते, दिसायला गाडी एकदम रुबाबदार, गिऱ्हाईक थांबून बघायचं. पावसाळा संपेपर्यंत पुढचा डावा बेअरिंग घोंगावायला लागला, दिवाळीत उजवा. आणि स्टिअरिंगचं वेगळंच, खड्ड्यात एक चाक गेलं की स्टिअरिंग हातातून झटका देऊन ओढून घ्यायचं, एका बाजूची चाकं मातीत असताना जोरात ब्रेक मारला तरी तसंच. कारण चाक बाहेर गेलं की रस्त्याचा धक्का ज्या जागेभोवती चाक वळतं तिच्यापासून लांब पडतो, दांडी लांब झाली की जोर वाढतो, एवढं साधं आहे. कंपनीनं तो ऑफसेट विचार करून ठेवलेला असतो. तेव्हापासून मी मूळच्या पाच एमएमपलीकडं ऑफसेट हलवत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आणखी एक छोटी गोष्ट जी कुणी सांगत नाही, मधलं भोक. स्विफ्टच्या हबचा मधला उठाव ५४.१ एमएम आहे. बाजारातले अलॉय बऱ्याच गाड्यांना चालावेत म्हणून भोक मोठं ठेवतात, मग चाक हबवर न बसता नुसत्या नटांवर लटकतं, केसभर जरी मध्याबाहेर राहिलं की ८०-९० च्या पुढं स्टिअरिंग थरथरतं. मग माणूस बॅलन्सिंग करत फिरतो, तीन दुकानांत तीनदा शिसं चिकटवून होतं पण थरथर जात नाही. उपाय स्वस्त आहे, योग्य मापाच्या हब रिंग. मागून घ्या, दुकानदारानं "गरज नाही" म्हटलं तर दुसरं दुकान बघा. आठ भोकांचे, दोन पीसीडीवाले अलॉय असतात ते मी टाळतो, वाईटच असतात असं नाही, पण चुकीच्या भोकांत ओढून ताणून नट आवळलेले मी पाहिलेत.

आता हँडलिंग, म्हणजे "रस्त्याला चिकटून". यात दुकानदार पूर्ण खोटं बोलत नाहीये. साईडवॉल १३२ एमएमची असते तेव्हा स्टिअरिंग वळवलं की आधी टायर पिळतो आणि मग गाडी वळते, तो मधला क्षण तुम्हाला मऊ मऊ वाटतो. साईडवॉल ठेंगणी झाली, टायर रुंद झाला की तो क्षण कमी होतो, गाडी हाताबरोबर वळते, लेन बदलताना झोकांडी कमी. १४ वरून १५ ला गेलात तरी हा फरक पहिल्याच उड्डाणपुलावर जाणवेल, ही मजा आहे आणि ती घ्यावी.

पण रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्याला टेकतं हा जो समज आहे ना, तो अर्धाच खरा. टायर रस्त्याला किती टेकणार हे मुख्यतः गाडीचं वजन आणि टायरमधली हवा ठरवते. रुंदी वाढवली की टेकणाऱ्या तुकड्याचा आकार बदलतो, आधी लांबट होता तो आडवा होतो. आडवा तुकडा वळणावर फायद्याचा, कोरड्या रस्त्यावर छान. पावसात तोच उलटा पडतो, कारण साचलेल्या पाण्यात रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि हलक्या गाडीचं वजन तेवढं नसतं की ते पाणी दाबून काढेल. मग टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं होतं, जुलैत घाटाखाली उतरल्यावर हा अनुभव ज्यानं घेतलाय तो विसरत नाही. बारीक टायर पाणी कापत जातो. नऊशे किलोच्या आत-बाहेरच्या गाडीला २०५ ची रुंदी हे मला तरी जास्तच वाटतं.

आणि रुंद टायर चाकोरी धरतो. ट्रकनी दाबून केलेल्या चाऱ्या हायवेच्या डाव्या लेनला असतात, त्यात रुंद टायर गेला की गाडी आपोआप इकडं तिकडं ओढते. लोक मग अलाइनमेंट बिघडली म्हणून माझ्याकडं येतात, मशीनवर सगळे आकडे हिरवे, काय सांगणार त्यांना.

वजनाचं बोलून घेतो. अलॉय म्हणजे हलकं असं सगळे धरून चालतात. चांगला, त्याच मापाचा अलॉय हलका असतो, खरं आहे. पण १४ च्या स्टीलपेक्षा १६ चा स्वस्त ओतीव अलॉय अनेकदा जड भरतो, वर रुंद टायरचं वजन वेगळं. दुकानात काटा असतो, दोन्ही चाकं हवा भरून ठेवा आणि बघा. चाकाचं वजन शॉकॲबच्या खाली असतं, ते वाढलं की खड्ड्यातून चाक वर गेल्यावर पटकन खाली येत नाही आणि गाडी दणके देते. शिवाय ते फिरवायला इंजिन जास्त खर्च होतं आणि थांबवायला ब्रेक.

खड्ड्यांचं तर विचारूच नका. साईडवॉल म्हणजे धक्का खाणारी गादी, ती पातळ केली की खड्ड्याची कड आणि अलॉयचा काठ यांच्यामध्ये टायर चिमटतो, आतले दोरे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी साईडवॉलला फुगा. फुग्याला पंक्चर काढता येत नाही, टायर फेकायचा. मागच्या पावसात एका पोरानं हॅचबॅकला १७ इंची, ४५ ची साईडवॉल लावून आणली होती, एका सीझनमध्ये दोन फुगे आणि एक अलॉय तडकलेला, तेही रात्री घाटात. स्टीलची डिस्क वाकली तर ठोकून हवा धरण्यापुरती सरळ होते आणि घर गाठता येतं, अलॉय तडकला की विषय संपला. वेल्डिंग करून देणारे आहेत, मी तसला अलॉय पुढच्या चाकाला कधीच लावणार नाही.

त्याच १७ च्या टायरमध्ये आणखी एक गोम होती, लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा. मापाच्या पुढं ८५टी असं काहीतरी असतं, ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, टी म्हणजे ताशी १९० पर्यंत. मूळ टायरपेक्षा हा आकडा खाली जाता कामा नये. २०५/४५ आर१७ साध्या बांधणीत ८४ चा येतो, म्हणजे ५०० किलो. रुंद दिसतो म्हणून जास्त वजन पेलतो असं नसतं, आत हवेला जागाच कमी असते. याउलट १८५/६५ आर१५ ला ८८, म्हणजे ५६० किलो.

मग काय करायचं. तुमच्या रस्त्याला, तुमच्या सामानाला माझं उत्तर १८५/६५ आर१५, आणि अलॉयची रुंदी ५.५ जे, फार तर ६ जे (जे च्या आधीचा आकडा इंचात), ऑफसेट झेडएक्सआयच्या चाकाएवढा. वापरलेले कंपनीचेच झेडएक्सआय अलॉय मिळाले तर सोन्याहून पिवळं, फक्त मशीनवर फिरवून बघा, वाकलेले असतात. उंची दोन एमएमचीच वेगळी असल्यानं तुमची १४ ची जुनी स्टेपनी वेळप्रसंगी लावून घर गाठता येतं, २०५/५५ ला तेही नीट जमणार नाही. हवा मात्र १४ च्या स्टिकरची नको, झेडएक्सआयला कंपनी जी सांगते ती ठेवा.

तुमचं चालणं बहुतेक पुण्यातच असतं, रत्नागिरी वर्षातून दोनदा, मागं कुणी बसत नाही, तर मी १९५/५५ आर१६ ला फार विरोध केला नसता. उंची ६२०.९, हिशोबात चोख बसतं, लोड ८७. पण साईडवॉल १०७ एमएम, हे लक्षात ठेवून खड्डे चुकवत चालवायची तयारी पाहिजे. आणि बजेट नसेल तर डिस्क तशीच ठेवून नुसते चांगल्या मेकचे नवे १६५/८० टाका, हा काही कमीपणा नाही. खरं सांगू का, झिजलेल्या टायरवरून नव्या टायरवर गेलं की जो फरक जाणवतो तोच निम्मे लोक अलॉयच्या नावावर जमा करतात.

कागदाचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते उचलून धरलंय. वरच्या मॉडेलचं माप लावलं तर तुमच्याकडं बोलायला जागा असते, मडगार्डच्या बाहेर आलेल्या २०५ ला नसते, आणि अपघातानंतर इन्शुरन्सचा सर्व्हेअर चाकांकडं बघतोच.

बसवताना चारही सारखेच बसवा, पुढं एक माप मागं दुसरं करू नका, एबीएसचा सेन्सर चाकांच्या फिरण्याची तुलना करत असतो. टायरवरची तारीख बघा, शेवटचे चार आकडे, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. नट एअर गननं धाडधाड आवळू देऊ नका, हातानं बसवून मग टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना), आणि शंभरेक किलोमीटर गेल्यावर परत एकदा आवळून घ्या, अलॉयला हे लागतंच. मग दुकानातच मागं तीन दणकट माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून पुढं-मागं घ्या, स्पीडब्रेकरवरून एकदा तिरकी काढा, उतरून टॉर्चनं टायरचे खांदे आणि आतलं लायनर बघा, कुठं चकाकलेला पट्टा दिसला तर तिथं घासतंय. हे सगळं पैसे द्यायच्या आधी. अलाइनमेंट त्यानंतर.

दुकानदार आकडे सांगत नसेल तर ज्या अलॉयवर तुमची नजर आहे तो उलटा करून आतल्या बाजूचा फोटो काढा, जे, ईटी आणि मधल्या भोकाचं माप दिसेल असा, आणि इथं टाका. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर बघतो आणि सांगतो.